एक गुंज इकडे, एक गुंज तिकडे

दिवाळीच्या अंकासाठी यंदा दारूवर लिहितो आहे, असे सांगताच आमच्या सौभाग्यवतींनी डोळे वटारले. फटाक्यांची की दुसरी, एवढेच त्यांना समजून घ्यायचे होते. मी म्हटले, दोन्ही नव्हे. ही तिसरी दारू. पितळेच्या पुंगळीत भरतात ती. फटाक्याची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. बंदुकीतही शतकानुशतके तीच चालली. पुढे १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनज्ञाने नत्राम्लाचा संस्कार केलेल्या कापसापासून बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि बंदुकीचे सगळे शास्त्रच पालटले. या नव्या दारूची खोड अशी की, उघड्यावर पेटवली तर ती नुसती फुरफुरत जळते; पण कोंडून पेटवली की जसजसा दाब वाढेल तसतशी ती अधिक वेगाने जळते, आणि जसजशी वेगाने जळेल तसतसा दाब आणखी वाढतो. पुढचे सारे नियम या एका खोडीतून निघाले आहेत.

नेब्रास्का राज्याच्या पश्चिम टोकाला राहून मी हे सदर लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. इकडचा मुलूख म्हणजे आपल्या माणदेशासारखा कोरडा, झाडे थोडी आणि वारा फार. आमच्या घरापासून चार मैलांवर एका शेतकरी गृहस्थांचे कुरण आहे. त्याच्या कडेला कालव्याच्या पाण्यावर त्यांनी लसूणघास लावला आहे. कुरणातल्या ‘प्रेअरी डॉग’ नावाच्या प्राण्यांनी या घासाकडे मोर्चा वळवला, आणि माझ्या नव्या रायफलीची कथा तिथून सुरू झाली.

नावात डॉग असला तरी हा कुत्रा नव्हे. खारीच्या कुळातला, मुंगसाहून जाडजूड असा हा बिळात राहणारा प्राणी. धोका दिसला की मागल्या पायांवर उभा राहून कुत्र्याच्या पिलासारखा भुंकतो, म्हणून ते नाव. शेकडोंच्या संख्येने वस्ती करून राहतात. १८०४ च्या सप्टेंबरात लुईस आणि क्लार्क यांच्या प्रसिद्ध मोहिमेने याच नेब्रास्कात ही वस्ती प्रथम पाहिली. एक प्राणी जिवंत धरण्यासाठी त्या मंडळींनी बिळात पिंपेच्या पिंपे पाणी ओतले. पुढे एक जिवंत नमुना त्यांनी थेट अध्यक्ष जेफरसन यांच्याकडे पाठवला, आणि तो पोचलाही! शास्त्रज्ञांना या प्राण्याचे कौतुक आहे, कारण त्याच्या बिळांवर घुबडांपासून सापापर्यंत कितीतरी जीव जगतात. शेतकऱ्याला मात्र त्यात फक्त कुरतडलेले शेत दिसते. दोघेही खोटे बोलत नाहीत.

रायफल घेतली ती ‘.२०४ रुगर’ या मापाची. गोळीचा व्यास पाच मिलिमीटरांहून किंचित जास्त, म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक. हे काडतूस २००४ साली निघाले. रुगर ही बंदुका करणारी कंपनी, आणि काडतुसे करणारी हॉर्नडी आमच्याच नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंड गावची; दोघांनी मिळून ते काढले. त्यातली ३२ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला सव्वाचार हजार फुटांच्या वेगाने सुटते, असे कारखाना सांगतो. आवाजाच्या पावणेचारपट वेग झाला हा. माझ्या रायफलीच्या नळीतले आटे बारा इंचांत एक फेरा घेतात. म्हणजे फुटाला एक फेरा. चार हजार फुटांच्या वेगाने निघालेली गोळी सेकंदाला चार हजार, म्हणजे मिनिटाला दोन लाख चाळीस हजार गिरक्या घेत जाते. एवढ्या बारीक, पातळ कातडीच्या गोळीचा एक गुण असा की, ती जमिनीवर आदळली की फुटून चुरा होते आणि सहसा उसळी मारून शेजारच्याच्या गोठ्यात जात नाही. शेतांच्या मुलखात हा गुण मोलाचा.

आता ग्रेन म्हणजे काय? मुळात धान्याचा दाणा. इकडे गोळी आणि दारू आजही ग्रेनमध्येच तोलतात. मला हे माप पहिल्या दिवसापासून घरचे वाटले, आणि त्याला कारण आहे. आपला तोळा इंग्रजांनी १८३३ साली १८० ग्रेनांचा ठरवून टाकला होता. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे गुंज पडली पावणेदोन ग्रेनांहून थोडी जास्त. ३२ ग्रेनांची गोळी म्हणजे जेमतेम सतरा गुंजा. सराफाच्या काट्यावर सहज तोलता येईल अशी. माझा काटा मात्र ग्रेनाचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे गुंजेचा एकोणिसावा हिस्सा! मोठ्या रायफलीच्या पुंगळीत एवढ्याने काही बिघडत नाही. पण लहान पुंगळीत दारूच मुळी थोडी. तिथे दशांशाला भाव येतो. आमटीच्या पातेल्यात चिमूटभर मीठ जास्त पडणे वेगळे, आणि वाटीभर कोशिंबिरीत पडणे वेगळे.

दुकानात तयार काडतुसे मिळत असता घरी भरण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. काटकसर हे एक उत्तर आहे, पण ते फारसे खरे नाही. सामान-सरंजामातच पैसे जातात. खरे उत्तर असे की, प्रत्येक नळीची स्वतःची आवड-निवड असते. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन रायफली एकाच काडतुसाने सारख्या वागत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात दुकानांत गोळ्या मिळेनाशा झाल्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाच्या गृहस्थांनी १९४३ मध्ये, वापरून फेकलेल्या लहान काडतुसांच्या पुंगळ्यांतून गोळीचे कवच घडवणारे साधन काढले. ‘रॉक चक’ या डोंगरी प्राण्याच्या शिकारीसाठी ते होते, म्हणून त्याचे नाव ‘रॉक चक बुलेट स्वेज’. त्या नावाच्या आद्याक्षरांची ‘आरसीबीएस’ कंपनी आजही या धंद्यात नावाजलेली आहे, आणि माझ्या तळघरातला दाबयंत्राचा दांडा तिचाच.

तळघराचे नियम कडक आहेत. दारू भरताना रेडिओ नाही, टेलिफोन नाही, गप्पा नाहीत. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. दोन प्रकारच्या दारूचे दाणे पुष्कळदा डोळ्यांना सारखेच दिसतात आणि वागण्यात त्यांचे जमीन-अस्मान असते. एप्रिलमध्ये आमची आई साताऱ्याहून आली. तिने पहिल्याच दिवशी, खाली अंधारात काय तो बसतो म्हणून, सूनबाईंच्या हाती निरांजन पाठवले. ते जिन्यातूनच परत गेले.

काम असे चालते. एकदा उडवलेली पुंगळी नळीच्या घराएवढी फुगलेली असते. तिला किंचित तेलाचे बोट लावून पोलादी साच्यात दाबायची, की ती मूळ अंगावर येते. तेल जास्त झाले तर खांद्याला खड्डा पडतो. कमी झाले तर ती साच्यात अशी अडकते, की दिवस त्यातच जातो. मग तिची लांबी मोजायची. पितळ दर बारीला मानेकडे सरकते आणि मान लांबते. लांब मान नळीच्या तोंडात घुसून गोळीला आवळून धरते, आणि दाब अकस्मात चढतो. म्हणून कापून सारखी करायची. बुडाला नवी टोपी बसवायची, ती बुडाच्या पातळीच्या किंचित आत. मग दारू तोलून नरसाळ्याने ओतायची. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या केल्या, की वरून विजेरी मारून प्रत्येकीत डोकवायचे: सगळ्यांत दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. एकीत दोनदा पडली किंवा एकीत पडलीच नाही, तर ती इथेच सापडते. दारूविना नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन बसली आणि मागून दुसरी सुटली, तर नळी फुटते आणि गालही वाचत नाही. विजेरीचे काम मी कधीच चुकवत नाही.

दारू किती भरली, तो आकडा मी इथे मुद्दामच देत नाही. या छंदातले जुने लोकही सहसा देत नाहीत. छापील कोष्टकात आरंभाचे माप असते आणि कमाल माप असते; ज्याने त्याने आपल्या रायफलीत आरंभापासून पायरी-पायरीने चढायचे. मी प्रत्येक पायरीची पाच काडतुसे केली आणि शंभर यार्डांवर कागद लावला. प्रत्येक बारीनंतर पुंगळी हातात घेऊन बुडाकडे पाहायचे. टोपीच्या गोलाव्याची धार गेली का? बुडावर चकचकीत ठसा उठला का? बोल्टची मूठ उचलताना हात अडला का? कोष्टकाच्या कमाल मापाला अजून दोन पायऱ्या असतानाच माझ्या बोल्टची मूठ जड लागली. तिथेच थांबलो आणि वरची दहा काडतुसे घरी नेऊन उकलली. पुस्तकातली नळी वेगळी, माझी वेगळी. पुस्तक पुढे जा म्हणते म्हणून जाणारे लोक मी पाहिले आहेत. एकाच्या डाव्या हाताला आता तीनच बोटे आहेत.

कागदावर पहिल्या पायरीचा पुंजका सव्वा इंचाचा आला. मधल्या एका पायरीवर पाचही छिद्रे अर्ध्या इंचात बसली. इथे पुष्कळ लोक तो कागद खिशात घालून वर्षभर मित्रांना दाखवत हिंडतात. माझ्या मते त्यात अर्थ नाही. पाच बार म्हणजे पाच कवड्या. एकदा दान चांगले पडले म्हणून कवड्या चांगल्या ठरत नाहीत. तीच पायरी तीन निरनिराळ्या दिवशी पुन्हा मारून पाहिली. पाऊण इंच, अर्धा इंच, पुन्हा पाऊण. पाऊण इंच खरे, असे वहीत लिहिले.

एवढ्यावर काम संपायचे. पण त्या कुरणावर सोनेरी गरूड उतरतात. मारलेल्या प्राण्याच्या मांसात शिशाचे बारीक कण राहतात, ते गरुडाच्या पोटात गेले की पक्षी विषबाधेने मरतो. हे आता पुरते सिद्ध झाले आहे. शिसे नसलेल्या गोळ्या मिळतात, तांबे आणि कथिलाच्या. माझी २६ ग्रेनांची. म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून! शिसे जड, तांबे हलके, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत जास्त जागा अडवते. शिशाच्या गोळीचे माप तिला लावणे धोक्याचे. कोष्टकही वेगळे पाहायचे. शिवाय हलकी गोळी वाऱ्याला लवकर वश होते. महिनाभर पुन्हा कागद, पुन्हा वही. शेवटी एक इंचाचा पुंजका पक्का झाला आणि मी स्वतःला दीडशे यार्डांची मर्यादा घालून घेतली. हे प्राणी तीनशे-चारशे यार्डांवरून मारण्याची इकडे चढाओढ असते. तिथे साधा वाराही गोळीला वीतभर बाजूला नेतो, आणि प्राण्याची रुंदी लहानशा तांब्याएवढी.

आई संध्याकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसे आणि पाहत राही. एकदा म्हणाली, “अरे, जीवच घ्यायचा, तर सोन्यासारखं मोजतोस कशाला?”

मी म्हटले, “लागली तर तिथल्या तिथे संपावं, नाही तर मातीत जावी. मधलं काही होऊ नये, म्हणून.”

तिने त्यावर काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी पोळ्या करताकरता मात्र विचारले, “आणि त्यांची पिल्लं कधी होतात रे?”

हा प्रश्न मला कोष्टकाने विचारला नव्हता. शेतकरी गृहस्थ तर मला एप्रिलअखेरच बोलावत होते. या प्राण्यांची पिल्ले वसंतात बिळातच जन्मतात आणि आईच्या दुधावर सहा-सात आठवडे काढून मे-जूनच्या सुमारास वर येतात. एप्रिलअखेर वर दिसणाऱ्या मादीच्या पोरांचे तोंड खाली बिळात उघडे असणार. माझे पाऊण इंच आणि एक इंच त्या हिशेबात कुठेच बसत नव्हते.

मी गृहस्थांना जाऊन सांगितले, जूनच्या मध्यापर्यंत मी बार टाकणार नाही. ते चिडले नाहीत, पण त्यांचेही खरे होते. “तोवर माझी पहिली कापणी जाते,” ते म्हणाले. “तुम्ही येत नसाल तर मी परवानावाल्याला बोलावतो. तो बिळात वायूच्या गोळ्या टाकून तोंडे बंद करील.” वायू म्हटला की पिल्ले आलीच, आणि त्याच बिळांत एप्रिलपासून उतरलेली घुबडेही आली. म्हणजे माझ्या न मारण्याने जास्त मरणार होते. रात्री आम्ही घरी यावर बरेच बोललो. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, त्यांचं नुकसान कितीचं, ते तरी विचारलंत का?”

नुकसान कडेच्या दोन एकरांचे होते. या प्राण्यांना उंच आडोसा आवडत नाही, पलीकडचा शत्रू दिसेनासा होतो म्हणून. मी तीन शनिवार त्यांच्याबरोबर राबलो आणि घासाच्या कडेने जुन्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांची छातीभर भिंत रचली. कुरणाच्या बाजूचे गवतही त्यांनी चारायचे थांबवून वाढू दिले. सगळे थांबले नाहीत. पण निम्मे तरी फिरले. वायूवाल्याला त्यांनी बोलावले नाही. कालव्यापलीकडच्या वस्तीला हात लावायचा नाही, हेही ठरले.

त्याच दिवसांत त्यांनी एक ताकीद दिली: मेलेला प्राणी आपोआप मेलेला दिसला तर जवळ जाऊ नका, पिसवांतून प्लेग येतो. आईने हा शब्द बरोबर उचलला. तिची आजी प्लेगच्या दिवसांतली. घरात उंदीर पडला की गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहावे लागे, या गोष्टी आईने लहानपणी ऐकलेल्या. तिला नवल वाटले की तो आजार इथे कसा? तो त्याच साथीचा आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगला, १८९६ मध्ये मुंबईला आणि १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचलेली जहाजांवरची ती साथ पुढे इथल्या रानातल्या प्राण्यांत शिरली, आणि अजून आहे. प्रेअरी डॉगला तिच्यापुढे जवळजवळ काहीच प्रतिकार नाही. वस्तीच्या वस्ती ओस पडते. “म्हणजे त्यांच्यातही उंदीर पडतो म्हण की,” आई म्हणाली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पिल्ले स्वतः चरू लागलेली दुर्बिणीतून पाहिली आणि मग दोन सकाळी गेलो. घासाच्या कडेची वस्ती तेवढी. एकतीस बार झाले. सत्तावीस जागच्या जागी. तीन मातीत गेले. एकतिसाव्याचे मला सांगता येत नाही. बार सुटताना गवत निश्चल होते, मधेच वाऱ्याची झुळूक आली आणि प्राणी बिळात दिसेनासा झाला. माती उडालेली दिसली नाही. बिळाशी जाऊन पाहिले, रक्त नव्हते. वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह आहे. बाकीचे लांब दांड्याच्या फावड्याने उचलून खोल पुरले.

आईने रात्री आकडा विचारला. मी चारही रकाने सांगितले. ती थोडा वेळ जपाची माळ ओढत बसली, मग म्हणाली, “उद्या वारा असेल तर जाऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी वारा होता. गेलो नाही. पुढे मर्यादा दीडशेची एकशेवीस यार्ड केली, आणि गवताचे शेंडे हलत असले की रायफल पेटीतून काढायचीच नाही असे ठरवले. जुलैत आणखी दोन सकाळी झाल्या, एकोणीस बार, प्रश्नचिन्ह नाही. घासाची दुसरी कापणी गृहस्थांना चांगली मिळाली. त्यातले चार गठ्ठे त्यांनी आमच्या परसात आणून टाकले, ते कशासाठी हे अजून सौभाग्यवतींना कळलेले नाही. आमच्याकडे गाय नाही.

आई सप्टेंबरअखेर परत गेली. शंभर पुंगळ्या चौथ्यांदा साफ करून मोजल्या, तेव्हा दोघींच्या मानेला केसाएवढी चीर दिसली. त्या पक्कडीने चेपून मोडीच्या डब्यात टाकल्या. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या माना कापून सारख्या करायच्या आहेत, ते थंडीत बसून करीन.